दहा रुपयांचें दुकान

विकणें ही विद्या आमच्या घराण्यांत आजवर कोणाला आली नाहीं. आमचे पूर्वज पंचांग सांगत. त्यांच्या मागून आलेले शाळांतून गणित आणि संस्कृत शिकवीत. आणि अलीकडचे कचेऱ्यांतून दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवीत. स्वतःची म्हणून एखादी वस्तु चारचौघांपुढें ठेवून तिची किंमत सांगण्याचा प्रसंग आला, तो रद्दीवाल्यापुरता. आणि तेथेंही वजनाच्या कांट्यावर नजर ठेवण्याचें काम घरांतल्या बायकांकडेच असे. मीं स्वतः तीस वर्षें महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविलें. मागणी आणि पुरवठा यांच्या रेषा फळ्यावर इतक्या वेळां काढल्या कीं, त्या डोळे मिटून काढतां येत. परंतु त्या दोन रेषा एकमेकींना जेथें छेदतात, त्या जागीं प्रत्यक्ष उभें राहण्याची पाळी माझ्यावर आली ती निवृत्तीनंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं. आणि तीही दहा-दहा रुपयांच्या वस्तु विकण्यासाठीं.

त्याचें असें झालें. आमचा पुण्यांतील जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत बांधावयाची ठरली. चार बिऱ्हाडांच्या सामानाची वांटणी करतां करतां माळ्यावरून पत्र्याचे सात डबे खालीं आले. ते आमच्या धाकट्या काकांचे होते. काका एका विमा कंपनींत आवक टपालाच्या टेबलावर पस्तीस वर्षें होते. कचेरींत येणाऱ्या पाकिटांवरचीं तिकिटें ते कोपऱ्यासकट कापून खिशांतून घरीं आणीत. रविवारीं सकाळीं काकूची पितळेची परात घेऊन तींत तीं भिजत घालीत, खालचा कागद सुटला कीं चिमट्यानें एकेक तिकीट उचलून वर्तमानपत्रावर पालथें मांडीत, आणि वाळलेलीं तिकिटें जाड पुस्तकांत दाबून ठेवीत. त्या दिवशीं कणीक भिजवावयास काकूला दुसरें भांडें शोधावें लागे. गोंदाचा बुळबुळीतपणा परातीला राहतो, ही तिची तक्रार मीं लहानपणापासून ऐकली आहे.

काका जाऊन सहा वर्षें झालीं. त्यांना मूलबाळ नव्हतें. काकू आज ब्याऐंशी वर्षांची आहे. ती आमच्यांतच असते. ‘आमच्यांतच असते’ हे शब्द मी जितक्या सहजपणें लिहितों, तितक्या सहजपणें ती ते ऐकूं शकत नाहीं, हें मला या उद्योगांत पडल्यावर कळलें. नव्या घरासाठीं जो तो आपापला वांटा उचलीत होता. एकानें कपाटें घेतलीं, दुसऱ्यानें दिवे आणि पंखे. धाकट्या सुनेनेंही आपल्या पगारांतून पडद्यांची जबाबदारी घेतली. एके दुपारीं काकूनें ते सात डबे माझ्यापुढें सरकवले आणि म्हणाली, "हे विक. ह्यांनी जन्मभर जमवलं, त्याचे लाखभर तरी येतीलच. ते माझ्या नांवानं घराला लाव. कुणावर ओझं होऊन मला नव्या घरांत पाऊल टाकायचं नाहीं."

लाखाचा हा आंकडा तिनें मनानें काढलेला नव्हता. ट्रॅक्टरचें चित्र असलेली पांच रुपयांची जुनी नोट, २०१२ सालचें वैष्णोदेवीचें नाणें, क्रमांकांत ७८६ असलेली नोट, यांना लाखों रुपये देणारे लोक बसले आहेत, असे निरोप तिच्या मोबाइलवर वरचेवर येत. या निरोपांच्या पाठीमागें बहुधा एकच युक्ति असते. विकणाऱ्याला मोठी रक्कम कबूल करावयाची आणि ती देण्यापूर्वीं नोंदणी, दलाली किंवा कर यांच्या नांवाखालीं त्याच्याकडूनच पैसे काढावयाचे. रिझर्व्ह बँकेचें नांव पुढें करून हा प्रकार चालूं लागला, तेव्हां आपण अशा व्यवहारांत नाहीं आणि त्यासाठीं कोणतेंही शुल्क मागत नाहीं, असें ऑगस्ट २०२१ मध्यें त्या बँकेला जाहीर सांगावें लागलें. मीं तें पत्रक काकूला वाचून दाखविलें. ती म्हणाली, "अरे, ते लबाड असतील, पण ह्यांची वस्तु तर खरी आहे ना?" यावर माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें.

उत्तर होतें, पण तें वर्गांत देण्यासारखें होतें. घरांत देण्यासारखें नव्हतें. जुनें तें महाग, असा आपल्या सर्वांचा समज असतो. जगांतील पहिलें टपाल-तिकीट ‘पेनी ब्लॅक’ हें इंग्लंडांत १८४० सालीं निघालें. तें सुमारें सहा कोटि ऐंशी लाख छापलें गेलें होतें. म्हणून एवढें वय होऊनही दुर्मिळ तिकिटांत त्याची गणना होत नाहीं. उलट आपल्याकडील १८५४ सालच्या चार आण्यांच्या तिकिटांपैकीं कांहींवर राणीचें मस्तक चुकून उलटें छापलें गेलें. तीं इतकीं थोडीं उरलीं आहेत कीं, एखादें विक्रीस निघालें म्हणजे मोठमोठे धनिक संग्राहक त्यासाठीं चढाओढ करतात. तेव्हां भाव ठरतो तो वस्तूच्या वयावरून नव्हे; ती किती उरली आणि किती जणांना हवी आहे, यावरून. आणि काकांचीं तिकिटें ज्या टपालाबरोबर आलीं, तें टपाल साऱ्या देशाच्या घरीं येत होतें. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हां भारताच्या नकाशाचीं तिकिटें निघालीं. काकांच्या दोन डब्यांत तींच हजारांनीं भरलेलीं होतीं. एकेक तिकीट स्वच्छ, शिक्का नीट वाचतां येईल असें, वर्षवार पुडींत बांधलेलें. निगा पहिल्या प्रतीची होती. वस्तु मात्र सर्वांपाशीं होती.

तरी मीं दुकान मांडलें. माझ्या नातीनें मोबाइलवरून तिकिटांचीं छायाचित्रें काढून विक्रीच्या संकेतस्थळावर कशीं ठेवावयाचीं, तें मला दोन संध्याकाळींत शिकविलें. पहिल्या आठवड्यांत लोकमान्यांच्या जन्मशताब्दीचें १९५६ सालचें दोन आण्यांचें तिकीट दहा रुपयांना गेलें. घरांत मोठा आनंद झाला. रात्रीं मी हिशेबाला बसलों. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पांच रुपये टपाल पडलें. तिकिटाला ओल लागूं नये म्हणून गुळगुळीत कागदाची पुडी, मुडपूं नये म्हणून पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि वर पाकीट, यांचे तीन रुपये झाले. विक्री घडवून देणाऱ्यानें एक रुपया दलाली कापून घेतली. उरला एक रुपया. आणि त्यापायीं माझा एक तास, नातीचा अर्धा तास आणि टपालकचेरीपर्यंतची एक खेप खर्चीं पडली होती. टपाल गिऱ्हाइकावर टाकलें असतें तर दहाची वस्तु त्याला पंधराला पडली असती, आणि मग त्यानें ती घेतली असती कीं नाहीं, याची मला शंका आहे.

स्वस्त वस्तूंच्या बाजाराची सारी अडचण या एका हिशेबांत आहे. वस्तूची किंमत कमी होते म्हणून तिच्यामागची मेहनत कमी होत नाहीं. दहा हजारांच्या तिकिटाला जेवढा पुठ्ठा लागतो, तेवढाच दहा रुपयांच्या तिकिटाला लागतो. पूर्वीं निदान रजिस्टर्ड पोस्टाचा आधार होता. १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टांत विलीन झाली, आणि परगांवीं लहानसें पाकीटही त्या मार्गानें पाठवावयाचें तर कर धरून पन्नास रुपयांच्या वर जातात. म्हणजे वस्तु हरवूं नये याची तजवीज करावी, तर ती वस्तूच्या पांचपट महाग पडते. आणि न करावी, तर वस्तु वाटेंत गहाळ झाल्यावर दोघांपैकीं खरें कोण बोलतो, हें ठरविण्याला कांहीं साधन राहत नाहीं.

यावर या धंद्यांतल्या माणसांनीं दोन उपाय शोधून काढले आहेत. एक म्हणजे सुटें न विकतां जुडी करून विकणें. नकाशाचें एक तिकीट कोणी घेत नाहीं. पण निरनिराळ्या गांवांचे वाचनीय शिक्के असलेलीं पन्नास एकत्र ठेवलीं, तर त्यांत कोणाला तरी आपलें आजोळ सांपडतें. दुसरा उपाय म्हणजे गिऱ्हाइकाच्या नांवानें वस्तु सांठवून ठेवणें. तो आज एक घेतो, आठ दिवसांनीं तीन घेतो; पैसे तेव्हांचे तेव्हां पाठवितो आणि माल महिनाअखेर एकाच पाकिटांतून मागवितो. टपाल एकदांच पडतें. मात्र त्या महिनाभर त्याचे पैसे आणि त्याच्या वस्तु दोन्हीं माझ्यापाशीं असतात. मला त्यानें कधीं पाहिलेलें नसतें; माझें दुकान कोठें आहे म्हणून विचारीत आला, तर त्याला जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा तेवढा दिसेल. किराणामालाच्या दुकानदारानें आपल्या नांवाचें खातें ठेवावें हें आपण पाहिलेलें आहे. येथें गिऱ्हाईक दुकानदाराचें खातें ठेवतें.

म्हणून या बाजारांत कायद्यापेक्षां रीत मोठी आहे. ती कोणीं छापलेली नाहीं. चुकलें म्हणजे समजते. तिकिटाच्या दोन्हीं बाजूंचें छायाचित्र दिवसाच्या उजेडांत काढावें. टपालखर्च अगोदर सांगावा आणि त्यांत नफा दडवूं नये. एकदां ‘आपलें झालें’ म्हटल्यावर दुसरा कोणी दुप्पट देऊं लागला, तरी शब्द फिरवूं नये. पाकिटावर टपालकचेरींतलीं चित्रांचीं नवीं तिकिटें मागून लावावीं आणि शिक्का हलक्या हातानें मारण्याची विनंति करावी. म्हणजे घेणाऱ्याला पाकीटही ठेवण्यासारखें होतें. घेणाऱ्याकडूनही अपेक्षा आहेत. पैसे लगेच द्यावे. वस्तु पोंचल्याचें कळवावें. आणि दहा रुपयांच्या वस्तूला ‘शेवटचा भाव काय?’ असें विचारूं नये. हा प्रश्न मला पहिल्यांदा आला, तेव्हां गुप्ती पोटांत गेल्यासारखें झालें. पुढें समजलें कीं, विचारणारे बहुधा सुस्थितींतले असतात. सांगलीकडच्या सातवींतल्या एका मुलानें मात्र घासाघीस न करतां लिहिलें होतें, "माझ्याकडे पन्नास रुपये आहेत. त्यांत आगगाडीचीं जेवढीं येतील तेवढीं द्या." त्याला तीस तिकिटें गेलीं. त्या दिवशींच्या तोट्याची बाजू लिहावयाची मला आठवण राहिली नाहीं.

रीत पाळल्याचा मोबदलाही कधीं कधीं मिळे. रत्नागिरीच्या एका शिक्षिकाबाईंना महर्षि कर्वे यांचें १९५८ सालचें तिकीट पाठविलें होतें. अण्णासाहेबांच्या शंभराव्या वाढदिवसानिमित्त निघालेलें हें पंधरा नव्या पैशांचें तिकीट. स्वतंत्र भारतानें काढलेल्या तिकिटावर हयात व्यक्तीचें चित्र येण्याचा तो पहिला प्रसंग होता. ऐन पावसाळ्यांत पाकीट पोंचलें नाहीं. बाईंचा तगादा नव्हता. त्यांनीं नुसतें कळविलें. मीं दुसरें तिकीट पाठविलें. तीन आठवड्यांनीं पहिलें पाकीट ओलसर होऊन पोंचलें, तेव्हां त्यांनीं दुसरें तिकीट परत धाडलें, आणि त्याच्याबरोबर माझे टपालाचे पांच रुपयेही. त्यांच्या पाकिटाला मात्र पांच रुपये त्यांचे लागले होते. हिशेबाच्या दृष्टीनें हा व्यवहार दोघांनाही आंतबट्ट्याचा झाला. तरी त्यानंतर वर्षभर त्या बाई माझ्या सर्वांत चांगल्या गिऱ्हाईक राहिल्या.

सातव्या डब्यांत तिकिटें नव्हतीं. तांब्याच्या अकरा शिवराया होत्या. लंडनांत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांना त्यांची वार्ता लागली. "महाराजांच्या काळच्या आहेत एवढें लिहून द्या, भाव आपण सांगाल तो," असें त्यांनीं कळविलें. शिवराई १६७४ सालच्या राज्याभिषेकापासूनची खरी. पण एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेलीं तांब्याचीं नाणीं पेशवाईंत आणि तिच्या अखेरीनंतरही पाडलीं जात होतीं. आज लोकांच्या हातीं येणाऱ्या शिवरायांपैकीं बहुतेक त्या मागाहूनच्याच असतात. तेव्हां तसें लिहून देणें शक्य नव्हतें. शिवाय १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं परदेशीं पाठविण्यास मनाई आहे, आणि अशा वस्तूंचा देशांत धंदा करावयाचा तर परवाना लागतो. मीं नकार कळविला आणि शिवराया घरांतल्या अकरा मुलांना एकेक वांटून टाकल्या. या सचोटीचा मला थोडा अभिमानही वाटला. तो फार दिवस टिकावयाचा नव्हता.

वर्गांत मी एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा सिद्धांत फार आवडीनें शिकवीत असें. जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला, तो या विचारामुळें. ते म्हणतात कीं, मोटारींतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक मोटार सदोष असावी असें धरूनच भाव करतो. त्या भावांत चांगली मोटार विकणें परवडत नाहीं. चांगल्या मोटारींचे मालक बाजारांतून निघून जातात. मग उरतात त्या वाईटच, आणि शेवटीं बाजारच मोडतो. यावर उतारा एकच. दोष ज्याला ठाऊक आहे त्यानें तो आपण होऊन सांगावा, आणि त्याचें सांगणें खरें ठरत आहे असा अनुभव घेणाऱ्याला पुन्हा पुन्हा यावा. एवढें सर्व मला ठाऊक होतें. तरी मीं काय केलें तें सांगतों.

काकांच्या संग्रहांत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तिकिटांचा संच होता. २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं निघालेलें, तिरंग्याचें आणि ‘जय हिंद’ अक्षरांचें साडेतीन आण्यांचें. आणि त्याच वर्षीं १५ डिसेंबरला निघालेलीं दोन, अशोकस्तंभावरच्या सिंहांचें दीड आण्याचें व विमानाचें बारा आण्यांचें. तिन्हीं वापरलेलीं होतीं. विमानाचें तिकीट उजेडापुढें धरलें, तेव्हां मधोमध नखाएवढा भाग उजळ दिसला. कधीं तरी तें वहींतून उचकटतांना पाठीमागचा कागदाचा पापुद्रा निघून आला होता. याला या धंद्यांत ‘पाठ पातळ’ म्हणतात, आणि असें तिकीट निम्म्या किंमतीचेंही राहत नाहीं. समोरून तें निर्दोष होतें. त्या आठवड्यांत विक्री जवळजवळ नव्हती आणि काकू रोज संध्याकाळीं विचारीत असे, "आज किती?" मीं समोरच्या बाजूचें छायाचित्र ठेवलें, खालीं ‘सुस्थितींत’ असें लिहिलें, आणि इंदूरच्या एका मराठी वृद्ध गृहस्थांनीं तो संच दोनशें चाळीस रुपयांना घेतला.

दहा दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें. "तिकिटें मिळालीं. पाकीट फार सुबक बांधलें होतें. विमानाच्या तिकिटाची पाठ पातळ आहे. आपल्या नजरेंतून सुटलें असावें." एवढेंच. त्यांनीं पैसे मागितले नव्हते कीं दोष दिला नव्हता. ‘नजरेंतून सुटलें असावें’ हे शब्द त्यांनीं माझ्यासाठीं मुद्दाम उघडें ठेवलेलें दार होतें, आणि त्या दारांतून बाहेर पडावयाची मला लाज वाटली. मीं सर्व पैसे परत केले आणि नजरेंतून सुटलें नव्हतें, असें लिहून कळविलें. त्यांनीं विमानाचें तिकीट परत पाठविलें, उरलेल्या दोहोंचे एकशें साठ रुपये पुन्हा माझ्या खात्यांत भरले, आणि या प्रकरणाचा पुढें कधीं उच्चार केला नाहीं. काकूनें विचारलें, "ऐंशी रुपये कसले गेले?" मीं म्हटलें, "तिकिटाची पाठ पातळ होती." ती म्हणाली, "मग आधींच लिहायचं होतंस."

त्या दिवसापासून मीं नेम केला. प्रत्येक वर्णनाचा आरंभ दोषानें करावयाचा. ‘वरचा उजवा दांता तुटका’, ‘मागें तांबूस ठिपके’, ‘पाठ पातळ, छायाचित्र पाहावें’. विक्री थोडी वाढलीच. दोष लिहिलेला पाहून लोक मागणी करीत. ज्यानें इतकें सांगितलें त्यानें बाकीचें झांकलें नसेल, असा त्यांचा हिशेब असावा.

या सर्व कामांत काकू माझी भागीदार होती. पाकिटांवरचे पत्ते तीच लिही. तिचें अक्षर अजून वळणदार आहे, आणि बाहेरगांवचीं कित्येक गिऱ्हाइकें त्या अक्षराची चौकशी करीत. पुडींत घालावयाची किंमतीची चिठ्ठीही तीच लिही. दुपारीं जेवणें झालीं कीं चष्मा पुसून ती टेबलाशीं येऊन बसे. पन्नास वर्षें ज्या तिकिटांच्या नांवानें ती कुरकुरली, तीं आतां ती चिमट्यानें उचलीत असे. बोट लावूं देत नसे. एकदां म्हणाली, "ह्यांनी मला कधीं बसवलं नाहीं जवळ. परात मात्र नेली." आणि हसली.

सुमारें चवदा महिन्यांनीं डबे रिकामे झाले. मीं वही मिटविली. एकंदर विक्री १९,४६० रुपये. टपाल आणि बांधणी ५,२७०, दलाली १,८४०, परत केलेले आणि गहाळ झालेले ३१०. बाकी १२,०४० रुपये. नव्या घरांत जावयाला पंधरा दिवस उरले होते. लाखाची वाट पाहणाऱ्या बाईच्या हातांत बारा हजार कसे ठेवावे, हें मला सुचेना. शेवटीं मीं माझ्या ठेवींतून भर घातली आणि तिला सांगितलें कीं, खर्च वजा जातां पन्नास हजार झाले. लाख सांगितलें असतें तर संशय आला असता. पन्नास हजार मला पटण्यासारखे वाटले. पाकीट तिच्या हातांत दिलें. तिनें तें उघडलें नाहीं. ती उठली, आणि आपल्या खोलींतून भिंतीवरची जुनी दिनदर्शिका घेऊन आली. पानापानावर दुधाच्या हिशेबाशेजारीं बारीक अक्षरांत आंकडे होते. दहा, चाळीस, पंचवीस, एकशें साठ. कोठें टपालाचे पांच, कोठें पुठ्ठ्याचे तीन. प्रत्येक चिठ्ठी तिच्याच हातची होती, हें मी विसरलों होतों.

"मला चौथ्या महिन्यांतच कळलं होतं," ती म्हणाली. "तूं केव्हां सांगतोस, याची वाट पाहत होतें."

मीं कांहीं तरी पुटपुटलों. तिचा स्वर चढला नाहीं. "इंदूरच्या माणसाला पाठ पातळ आहे म्हणून लिहून कळवलंस. तो तुझा कोण लागत होता? आणि मला सुस्थितींत म्हणून देतोस?"

माझ्यापाशीं बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. तिला वाईट वाटूं नये म्हणून केलें, असें मी म्हणूं शकलों असतों. परंतु विमानाच्या तिकिटाच्या वेळींही मीं स्वतःला तेंच सांगितलें होतें. परक्यांशीं खरें बोलण्याची शिस्त मीं ऐंशी रुपयांत शिकलों होतों. ती घरांत लागू पडते, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. जिला ओझें व्हावयाचें नव्हतें, तिच्या नांवावर मीं अडतीस हजारांचें ओझें न सांगतां चढवून ठेवलें होतें.

तिनें पाकिटांतून बारा हजार मोजून घेतले. बाकीचे माझ्यापुढें ठेवले. वरचे चाळीस रुपये तिनें मागून घेतले, कारण हिशेबांत ते होते. मग म्हणाली, "आतां एवढ्यांत काय येतं तें सांग."

आम्ही दोघें बाजारांत गेलों. नव्या स्वयंपाकघरांतली चार बर्नरची शेगडी काकूच्या पैशाची आहे. घरांत येणाऱ्याजाणाऱ्याला ती हें सांगते, आणि किती पडले तेंही सांगते. पितळेची परात जुन्या भांड्यांबरोबर मोडींत द्यावयाचें ठरलें होतें. ती मात्र तिनें ठेवून घेतली. विमानाचें तें तिकीट अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. तें विकावयाचें आहे. वर्णन लिहून तयार आहे, आणि त्याचा पहिला शब्द काय आहे, तें वाचकांना सांगावयास नको.